पैकीच्या पैकी सुख

मोजणीवाली बाई दारात येऊन उभी राहिली तेव्हा कुलूपकाकू पुढच्या दाराला वरच्या अंगाला नवी कडी ठोकत होत्या आणि कुलूपकाका खाली बसून जुनी कडी खोलत होते. दोघांचं काम एकाच वेगानं चाललं होतं, म्हणून दार होतं तिथेच होतं.

काका जन्मभर कुलूपवाले. चौकातल्या कोपऱ्यावर कपाटाएवढं दुकान, त्यात मावेल तेवढा एक माणूस आणि भिंतभर किल्ल्या. चावी हरवलेली बाई रडत आली की काका आधी तिला स्टुलावर बसवायचे आणि मग कुलूप हातात घ्यायचे. आता दुकान गेलं, किल्ल्या गेल्या, आणि हळूहळू डोक्यातलंही एकेक गेलं. आधी वार गेले, मग शेजाऱ्यांची नावं, मग मुलाचा चेहरा. शेवटी काकू कोण हेही गेलं. जन्मभर ज्या बायकोला "अगं ए" म्हणून हाक मारली तिला ते आता "अहो बाई" म्हणत, आणि तेही इतक्या अदबीनं की काकूंना ती अदब शिवीसारखी लागे.

हात मात्र काही विसरले नव्हते. दारावर कसलंही कुलूप घाला, काका ते दुरुस्तीला आलंय असं समजून खोलत आणि मग दार उघडंच आहे म्हणून बाहेर पडत. एकदा ते तीन गल्ल्या पलीकडे एका परक्या घराच्या पायरीवर सापडले. शेजारी फाटकाचं कुलूप पुसून ठेवलेलं. घरमालकाला म्हणाले, "झालंय तुमचं. जरा तेल घालत जा." हत्यारं काकूंनी कधीच लपवली होती, पण काकूंच्या केसांतल्या पिना कुठे लपवणार? बाईचा अंबाडा दिवसातून चार वेळा सुटे आणि नंतर कुठलं तरी कुलूप उघडलेलं दिसे.

म्हणून ती दुपारची खोली. सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला, औषधांच्या कोठाराला लागून. विसरणारी म्हातारी माणसं दुपारपुरती तिथे ठेवून यायची. सिस्टरनं काकांसाठी एक खोकं भरून जुनी कुलपं मिळवली होती. काका ती उघडत, लावत, कानाशी धरत, परत उघडत, आणि चेहरा असा की माणूस दुकानात बसलाय. तेवढ्या वेळात काकू घरी येत, चपलांसकट खाटेवर पडत, आणि छताकडे बघत बसत. त्यांना त्या वेळात काही करायचं नसे, हेच त्या वेळाचं मोल होतं. ती खोली नसती तर काकूंचं काय झालं असतं हे सूनबाईला ठाऊक होतं, सिस्टरला ठाऊक होतं, सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. फक्त काकू ते तोंडातून काढत नसत.

मोजणीवाली बारीक चणीची पोर होती, गळ्यात ओळखपत्र, हातात पाटीसारखं ते काचेचं यंत्र. आरोग्य कचेरीनं यंदा नवं ठरवलं होतं. खर्च कुठे करायचा हे साहेबाच्या मनावर नाही, लोकांच्या मनावर ठरणार. माणसांच्या मनाची हालत मोजायची आणि जिथे दुःख जास्त तिथे पैसा जास्त. दुपारच्या खोलीपुरतं म्हणजे, जी माणसं विसरणाऱ्यांना सांभाळतात त्यांची मनं मोजायची. कल्पना वाईट नव्हती. कल्पना करणाऱ्यानं कुलूपकाकूंना पाहिलं नव्हतं, एवढंच.

काकू शाळेत चौथीपर्यंत गेल्या आणि चौथीची परीक्षा तेवढी राहिली, कारण घरात पाळणा हलवायला कोणीतरी हवं होतं. ती राहिलेली परीक्षा काकूंच्या घशात जन्मभर अडकून होती. त्यात स्वभाव असा, की परक्या माणसासमोर डोळ्यांतून पाणी काढणं म्हणजे दारात उष्टी भांडी घासणं. सासू गेली त्या दिवशीसुद्धा भेटायला आलेल्यांना काकू विचारत होत्या, "चहा घेणार ना?"

"काकू, गेल्या पंधरवड्यात मन प्रसन्न होतं का?" पोरीनं समोर बसत विचारलं.

"याला जास्तीत जास्त गुण किती?"

"गुण नाहीत हो काकू. यात पास-नापास नसतं."

"पण आकडे आहेत ना त्यावर? मला दिसतायत."

"आहेत. शून्य ते पाच. पाच म्हणजे नेहमी प्रसन्न, शून्य म्हणजे कधीच नाही."

"मग पाच लिही."

पोरीनं पाच लिहिलं. "रात्री शांत झोप लागते?"

आदल्या रात्री काकांनी स्वयंपाकघरातल्या फडताळाची बिजागरं काढून ओळीनं मांडली होती. काकू पहाटेपर्यंत दाराला पाठ लावून बसल्या होत्या. "पाच," काकू म्हणाल्या.

"उद्याचा दिवस उजाडावा असं वाटतं?"

"न वाटून सांगते कोणाला? उजाडतोच तो. पाच."

"कुणाशी मन मोकळं करता का?"

"माझं मन मोकळंच असतं. फारसं काही ठेवतच नाही मी त्यात."

तेवढ्यात काकांनी नवी कडी खोलून स्क्रूंसकट पोरीच्या मांडीवर ठेवली. "घ्या. परत अडकली तर आणा," ते म्हणाले. पोरीनं काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "बघतेस काय, पुढचं विचार."

शेवटी यंत्रानं बेरीज केली आणि काकूंना पैकीच्या पैकी मिळाले. पोर निघून गेल्यावर काकूंनी हातोडी खाली ठेवली, आरशापुढे उभ्या राहिल्या आणि अंबाडा नीट बांधला. चौथीची परीक्षा घशातून सुटली एकदाची.

एवढ्यावर थांबलं असतं तर बिघडलं नसतं. एका बाईच्या सुखानं कचेरी हलत नाही. पण पहिला नंबर आलेल्याला गप्प बसवत नाही. दुसऱ्या दिवशी काकांना सोडायला गेल्या तेव्हा खोलीच्या दाराशी नेहमीची मंडळी होती. निवृत्त पोस्टमन, बायकोचा हात धरून. शिवणवाली, आईला घेऊन. दोघांची मोजणी व्हायची होती.

"मला पैकीच्या पैकी," काकू म्हणाल्या.

"मी तर खरं सांगणार आहे," शिवणवाली म्हणाली. "आई रात्रभर ओरडते. झोपेला दोन द्यायला सांगेन."

"दोन? कापडाला दोन बोटं कमी पडली तर चार माणसांत सांगत फिरतेस का? कचेरीतली माणसं वाचणार ते. म्हणतील, आईला सांभाळायला हिच्या जिवावर येतं."

शिवणवालीचा चेहरा पडला. तसं कोणी म्हणावं हीच तर तिची भीती होती. पोस्टमन मुळातच हसरा गडी. तो म्हणाला, "वहिनी, उत्तरं आधीच सांगून ठेवा की मग." आणि काकूंनी सांगितली. दाराशी उभं राहून, बोटांवर मोजून, एकेक प्रश्न. जे आले नव्हते त्यांच्यापर्यंत काकूंनीच पोचवली. त्या आठवड्यात खोलीच्या दाराशी जितकं सुख गोळा झालं तितकं त्या दवाखान्यात प्रसूतीच्या दालनातसुद्धा कधी झालं नसेल.

महिनाअखेरीस सिस्टरनं सगळ्यांना थांबवून घेतलं. बाई बोलायला लागली आणि तिचाच आवाज फाटला.

"खोली बंद होतेय."

"का?" शिवणवालीनं विचारलं.

"वरून कळवलंय, इथली माणसं सगळ्या शहरात सगळ्यात सुखी आहेत. अभिनंदनही केलंय. पैसा नदीपलीकडे जाणार, तिथे लोक दुःखी निघाले."

मग एकेक मान काकूंकडे वळली. आत खोलीत काका एक मोठं पितळी कुलूप कानाशी धरून ऐकत होते.

घरी सूनबाई कामावरून आली. धुलाईच्या कारखान्यात ती दिवसभर उभी असे, संध्याकाळी तिच्या हातांना साबणाचा वास आणि जिभेला धार येई. मुलगा दूर गावी नोकरीला, त्यामुळे सासूला बोलायचं कामही तिच्याकडेच होतं.

"आई, खरं सांगायला काय झालं होतं?"

"परकी पोर. पहिल्यांदा दारात आलेली. तिला काय सांगू, तुझा सासरा मला ओळखत नाही म्हणून?"

"त्यासाठीच आली होती ती."

"मग तिनं आधी सांगायचं, दुःखाला बक्षीस आहे म्हणून. मला काय माहीत, उलटी परीक्षा आहे."

"परीक्षा नव्हतीच आई ती."

"आकडे होते," काकू म्हणाल्या आणि भाजी चिरायला बसल्या. भाजी इतकी बारीक चिरली की ती कुठली होती ते नंतर कोणाला सांगता येईना.

सूनबाईनंच अर्ज केला. सगळ्यांच्या सह्या घेतल्या. कचेरी भली, तिनं फेरमोजणी मंजूर केली. खोलीतच एका दुपारी सगळ्यांनी यायचं ठरलं. बातमी कळताच काकू कंबर कसून उभ्या राहिल्या. जे बिघडवलं ते आपणच निस्तरायचं. त्यांनी सगळ्यांना आदल्या दिवशी घरी बोलावलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "उद्या सगळीकडे शून्य. शून्याखाली काही असेल तर ते."

शिवणवाली तयारच होती. तिला शून्य सांगायला शिकवावं लागलं नाही, उलट ती सुरू झाली ती थांबेना. अडचण पोस्टमनची. त्याचं तोंडच हसरं.

"तुमची बायको तुम्हाला काय म्हणते हल्ली?" काकूंनी विचारलं. त्याला वाटेवर आणायला हवं होतं.

"पोस्टमन म्हणते. मला बघितलं की विचारते, आमचं पत्र आलं का?"

"मग तुम्ही काय म्हणता?"

"म्हणतो, आज नाही. उद्या नक्की येईल."

"रोज?"

"रोज."

चहाचे कप हातातच राहिले. काकू म्हणाल्या, "मग हेच सांगा आणि रडा."

"रडू येत नाही हो वहिनी," पोस्टमन ओशाळून म्हणाला. "उद्या येईल म्हटलं की तिचा चेहरा असा खुलतो ना. लग्नात पण एवढा नव्हता खुलला."

यावर शिवणवाली रडली, दाराशी उभी असलेली सूनबाई रडली. काकू उठून चहाचं आधण ठेवायला गेल्या. कोणाचाच कप रिकामा नव्हता.

फेरमोजणी झाली. तीच पोर, तेच यंत्र. एकेक जण आत जाई आणि शून्याची माळ गळ्यात घालून बाहेर येई. पोस्टमनसुद्धा जमवून आला, खाली बघून. सगळ्यात शेवटी काकू. बाहेर सगळे कान देऊन उभे.

"काकू, गेल्या पंधरवड्यात मन प्रसन्न होतं का?"

काकूंनी शून्य म्हणायला तोंड उघडलं. रात्रभर पाठ केलं होतं. समोर ती पोर बसलेली, डोळ्यांत कीव घेऊन. जिवंत माणसाकडे तसं बघू नये. काकूंची मान आपोआप ताठ झाली.

"पाच," काकू म्हणाल्या.

बाहेर सूनबाईनं कपाळाला हात लावला. पुढच्या प्रश्नाला पाच. त्याच्या पुढच्याला पाच. जीभ एकदा सवयीच्या रस्त्याला लागली की काकूंचंही ऐकत नसे.

निकाल आला. कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी आकडे बघून अनुमान काढलं, की ज्या खोलीत जाणारी माणसं शहरात सगळ्यात दुःखी आहेत त्या खोलीचा काही उपयोग होत नाही, सबब ती बंद करावी. पहिल्यांदा सुखासाठी बंद, आता दुःखासाठी बंद. सिस्टरनं तो कागद वाचून दाखवला आणि घडी घालून खोक्याखाली ठेवला, कारण खोकं डुगडुगत होतं. मग ते खोकंही कोठारात गेलं आणि खोलीला कुलूप लागलं. काका जाता जाता त्या कुलपाकडे वळले होते. काकूंनी त्यांचा हात धरून नेलं.

त्यानंतरच्या दुपारी काय सांगाव्यात. काका घरभर फिरत. दार, फडताळ, ट्रंक, शिलाई यंत्राचं झाकण, जे बंद ते उघडत. उघडून झालं की काकूंना म्हणत, "अहो बाई, संपलं सगळं. आता मी निघू? घरी वाट बघत असेल ती." ती म्हणजे कोण हे काकूंनी कधी विचारलं नाही. "जेवून जा," एवढंच म्हणत. खाटेवर पडणं संपलं. काकूंना मिळे ती न्हाणीघरात जाण्यापुरती सुट्टी, आणि तिथे त्या बऱ्याच वेळा जाऊ लागल्या. न्हाणीघराच्या दाराला मुठीचं कुलूप होतं, आतून बटण दाबलं की लागणारं. शिवणवाली रस्त्यात दिसली तर पलीकडच्या बाजूनं जाई. काकू तिला मुद्दाम हाक मारून विचारत, "कशी आहेस ग?" आणि ती म्हणे, "शून्य."

आणि मग एका दुपारी ती मोजणीवाली पोर परत दारात. यंत्र काखेत.

"आता काय मोजायचं राहिलं?" काकू म्हणाल्या.

"काकू, सगळ्यांचं शून्य आहे आणि तुमचं एकटीचं पैकीच्या पैकी. साहेब म्हणाले, सगळ्या ढिगात हा एकच कागद वेगळा आहे, घरी जाऊन खात्री करून ये."

"कर खात्री. बैस. चहा टाकते."

काकू स्वयंपाकघरात गेल्या. पोर काकांसमोर बसली. काका तिच्या पर्सची चेन उघडत-लावत होते. मधल्या दाराला नुसता पडदा होता, त्यामुळे आत सगळं ऐकू येत होतं. पोरीनं वेळ घालवायला म्हणून विचारलं, "काका, घरात कोण कोण असतं?"

"मी असतो. एक मुलगी संध्याकाळी येते, साबण विकते बहुतेक. आणि एक बाई असतात."

"कोण बाई?"

"नाव नाही सांगितलं त्यांनी. मी पण विचारलं नाही, बरं दिसत नाही. चांगल्या घरच्या आहेत. मी जेवल्याशिवाय जेवत नाहीत."

"कशा आहेत त्या?"

"दुःखी," काका म्हणाले. गिऱ्हाइकाला कुलपाची जात सांगावी तसं सांगितलं.

आत चहाला उकळी येत होती. काकूंनी चमचा हातात धरला होता तो तसाच राहिला.

"तुम्हाला कसं कळलं काका?"

"दुपारी न्हाणीघरात जातात. नळ सोडतात. पण बादलीत पाणी पडल्याचा आवाज वेगळा, फरशीवर पडल्याचा वेगळा. बादली लावतच नाहीत त्या. नुसतं पाणी सोडतात, आतला आवाज बाहेर येऊ नये म्हणून." काकांनी पर्सची चेन कानाशी नेली, सरकवून पाहिली. "पण आमचं सगळं काम कानावर चालतं. नळाच्या आवाजाखाली दुसरा आवाज असला तर कळतो."

पोरीनं पडद्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "तुम्ही सगळी कुलपं उघडता म्हणे. ते दार का नाही उघडत?"

काका एकदम ताठ बसले. कोणी धंद्यावर बोट ठेवलं की पूर्वी बसत तसे.

"ते कसं उघडणार? दुरुस्तीला आलेलं वेगळं. आत माणूस असताना आतल्यानं बोलावल्याशिवाय कुलूपवाला दाराला हात लावत नाही. आतल्या माणसानं हाक मारायला पाहिजे. मी बाहेर बसून राहतो. न जाणो, मारली हाक तर."

चहा उतू गेला. सगळा शेगडीवर सांडला, विस्तव विझला, वास सुटला, तरी आतून काही हालचाल ऐकू येईना. बऱ्याच वेळानं काकू बाहेर आल्या. हातात रिकामी कपबशी.

पोरीनं यंत्र उघडलं होतं. "काकू, तुमचं काय लिहू?"

"त्यांनी सांगितलं ना," काकू म्हणाल्या. "त्यांचं लिही." आणि जरा थांबून, "चहा सांडला. पाणी देऊ का?"

पोरीनं जाऊन साहेबांना काय सांगितलं देव जाणे. कचेरीनं बरेच दिवस विचार केला, कचेरीचा विचार तसा दमानंच चालतो. मग नवा नियम आला. यापुढे सांभाळणाऱ्या माणसाचं मन कसं आहे हे सांभाळणाऱ्याला न विचारता विसरणाऱ्याला विचारावं, कारण खोटं काय बोलायचं ठरलंय ते त्यांच्या लक्षात राहत नाही. मोजणी तिसऱ्यांदा झाली. शिवणवालीची आई म्हणाली, ही पोरगी रात्रभर माझ्यासाठी जागी असते, हिला कोणी आई नाही का? पोस्टमनची बायको म्हणाली, "हा पोस्टमन लबाड आहे. माझं पत्र ह्याच्याकडून हरवलंय, ते सांगायची हिंमत नाही, म्हणून रोज हसतो. पण त्याला रागवू नका. बिचारा पत्र शोधून शोधून म्हातारा झाला." हे ऐकून पोस्टमन पहिल्यांदा रडला, आणि आता रडून काही फायदा नव्हता, गुण आधीच पडले होते.

ही उत्तरं वाचून कचेरीनं खोली उघडायला सांगितली. सिस्टरनं स्वतः फरशी पुसली, खोकं कोठारातून आणलं. काकू काकांना घेऊन गेल्या. शिवणवालीनं दारातून बाजूला होऊन वाट दिली, तेवढ्यावर समेट झाला.

काका खोक्यापुढे बसले. वरचं पितळी कुलूप उचललं. उलटंसुलटं करून पाहिलं. कानाशी नेलं, आणि बराच वेळ तिथेच धरलं. मग ते फळासारखं खिशात घातलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

सिस्टरनं त्यांच्या हातात पिन दिली. काकांनी ती घेतली, आभार मानले आणि टेबलावर ठेवली.

"खोली मध्ये फार दिवस बंद राहिली ना," सिस्टर म्हणाली. "हाताची सवय मोडते. येईल कदाचित परत. नाही आली तर..." पुढचं तिनं काकूंकडे बघून गिळलं.

काकू तशाच निघाल्या. घरी आल्या, चपलांसकट खाटेवर पडल्या. समोर पुढचं दार होतं. त्यावर वरची कडी, मधली कडी, खालची कडी. गेल्या कित्येक दिवसांत त्यातल्या एकीलाही कोणाचा हात लागला नव्हता. हे दार बंद राहावं म्हणून त्यांनी किती हातोड्या मारल्या होत्या. आता ते बंद राहत होतं. अंबाडाही सुटत नव्हता, पिना जिथल्या तिथे.

संध्याकाळी काकांना घेऊन आल्या. त्यांना पाटावर बसवलं, पाणी दिलं. सूनबाई यायची होती. काकू न्हाणीघरात गेल्या, दार लोटलं, बटण दाबलं. हात नळाकडे गेला आणि तिथेच थांबला. नळ तसाच ठेवून त्या उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, आतलं आता सगळ्या गल्लीला ऐकू जाईल. जाऊ दे.

मग त्यांनी घसा साफ केला.

"अहो," त्या म्हणाल्या. उत्तर नाही. ही हाक ज्याला होती तो घरात नव्हताच. काकूंनी दाराला कपाळ टेकवलं.

"अहो कुलूपवाले."

पाट सरकल्याचा आवाज आला.

"दार अडकलंय. आत माणूस आहे."

पावलं आली, दाराशी थांबली. "कोण आहे आत?"

"मीच आहे. मला बाहेर यायचंय."

"रडू नका बाई," पलीकडून आवाज आला. "बसून घ्या कशावर तरी. होतंय."

काकूंनी अंबाड्यातली पिन काढली, वाकून दाराखालून बाहेर सरकवली. केस पाठीवर सुटले. बाहेर पिन उचलल्याचं ऐकू आलं. मग खरखर. मग काही नाही. परत खरखर, चुकीच्या जागी, लाकडावर. काकूंचा हात मुठीकडे गेला. नुसती फिरवली असती तरी दार उघडलं असतं. त्यांनी हात मागे घेतला आणि बादली उपडी घालून तिच्यावर बसल्या, गिऱ्हाइकानं स्टुलावर बसावं तशा.

बराच वेळ गेला. खरखर थांबली, तेव्हा काकूंनी डोळे मिटून घेतले. मग पलीकडून लाकडाला कान टेकल्याचा बारीक आवाज आला. आणि त्यानंतर आवाज बदलला. पिन भोकात शिरली होती.

खट झालं. दार उघडलं. काका दारात उभे होते, कपाळावर घाम, हातात वाकडी पिन. त्यांनी काकूंकडे पाहिलं नाही. मूठ दोनदा फिरवून पाहिली, बटण दाबलं, सोडलं, बाहीनं पुसलं.

"कुलूप चांगलं आहे, बाई," ते म्हणाले. "बदलू नका. बिघाड काही नाही. आतून लावलं होतं, एवढंच."